बारावीच्या वर्षातली माझी गाडी

भिलाईतल्या आमच्या सेक्टरमध्ये पोरगं बारावीत गेलं की सगळं घर बारावीत जायचं. ही माझी कल्पना नाही, तिथली रीतच होती. जून संपता संपता केबलवाल्याला बोलावून वायर काढायची आणि तिची गुंडाळी खिडकीबाहेरच्या खिळ्याला अशी टांगायची की रस्त्याने जाणाऱ्याला दिसली पाहिजे. नागपूर-भंडाऱ्याकडच्या लग्नांना मुलाचे बाबा एकटेच जाऊन आहेर देऊन यायचे. पाहुण्यांना या म्हणायचं नाही, घरात मोठ्याने हसायचं नाही, आणि मुलाच्या आईने स्वतःचं काहीतरी एक सोडायचं. समोरच्या ओळीतल्या एका आईने चहा सोडला होता. मागच्या रस्त्यावरच्या बाईंनी वर्षभर नवी साडी अंगाला लावली नाही. त्यांचा मुलगा इंजिनिअरिंगला लागला तेव्हा लोक त्याच्या अभ्यासापेक्षा त्यांच्या जुन्या साड्यांबद्दलच जास्त बोलले.

छत्तीसगड वेगळं व्हायला अजून वेळ होता, पत्त्यावर आम्ही मध्य प्रदेशच लिहायचो. हे पोलादाच्या प्लांटमध्ये रोलिंग मिलच्या मेंटेनन्सला होते. मी गोंदियाकडची. लग्नाआधी बी.एससी. केलं होतं, आणि त्या बी.एससी.चा उपयोग मुलाच्या वह्या चाळण्यापलीकडे कधी झाला नव्हता. मुलगा एकुलता एक. त्याच्या दहावीनंतर घरात कॉम्प्युटर आला, आणि कॉम्प्युटरच्या मागोमाग मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ आला. त्यात त्याचा जीव अडकलेला. जेवायला बोलावलं की "बस, लास्ट लॅप" असं उत्तर यायचं, आणि तो लास्ट लॅप वरण गार होईपर्यंत संपायचा नाही.

बारावी सुरू झाली त्या आठवड्यात त्यानेच ती खेळाची सीडी माझ्या हातात आणून दिली. मी मागितली नव्हती.

"आई, हे तूच ठेव. माझ्यापाशी राहिली तं मी खेळीनच."

मला भरून आलं. सतरा वर्षांचं पोर आपल्या हाताने आपलं सुख काढून देतं, हे काही रोज पाहायला मिळत नाही. मी म्हटलं, "मंग मीही सोडते. तुही परीक्षा होईपर्यंत टीव्ही नाही अन् मजेचं काहीच नाही. तू अभ्यास करून राहिला असशील तवा मी कावून मजा करू?"

"पक्का?"

"पक्कं."

तो हसला आणि अभ्यासाला बसला. मी सीडी लोखंडी कपाटात साड्यांच्या खाली ठेवली आणि किल्ली कमरेला लावली. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता, हे इथेच सांगून टाकते.

मग पाऊस लागला. आमच्या क्वार्टरच्या भिंतींना ओल यायची, डाळींना वास यायचा. एके दिवशी जेवताना हे म्हणाले, "कॉम्प्युटर असा बंद ठेवू नको. दमटपणानं खराब होते. दुपारी थोडा वेळ चालू करत जा." म्हणजे सुरुवात नवऱ्याच्या सांगण्यावरून झाली. हे मी स्वतःला पुढे कितीतरी वेळा ऐकवलं.

दुपारी घर रिकामं असायचं. हे प्लांटमध्ये, मुलगा शाळेतून परस्पर सायकलने रिसालीला क्लासला. मी कॉम्प्युटरवरचं प्लास्टिकचं कव्हर काढायची, बटण दाबायची आणि समोर खुर्ची टाकून बसायची. पडद्यावर काहीच नाही. नुसता निळा पडदा किती वेळ पाहायचा? तीन-चार दिवस मी त्याच्यासमोर बसून तांदूळ निवडले. पाचव्या दिवशी मनात आलं, आपल्या पोराला वेड लावणारं असं आहे तरी काय, हे आईला माहीत नको? उद्या तो पुन्हा त्या नादाला लागला तर आपल्याला त्याच्याशी बोलता यायला हवं. इतक्या शहाण्या विचाराने मी कपाट उघडलं आणि सीडी काढली.

पहिल्या वळणावर मी भिंतीला धडकले. दुसऱ्यांदाही त्याच वळणावर, त्याच भिंतीला. आठवडाभर मी त्या एका वळणापलीकडे गेले नाही. माझा स्वभाव असा की चूक आपली असेल असं मला आधी वाटतच नाही. मला वाटलं, गाडीतच काहीतरी बिघडलेलं आहे. आणि गंमत अशी की ते खरं निघालं. शर्यतीच्या आधी एक पान यायचं, त्यावर गाडीची सगळी जुळणी असायची. पुढचा पंख, मागचा पंख, ब्रेकचा जोर पुढच्या चाकांवर किती आणि मागच्या चाकांवर किती, टायर कडक की नरम, आणि गिअर. माझ्या मुलाने गाडी नुसती पळण्यासाठी जुळवली होती. मागचा पंख अगदी आडवा, म्हणजे वारा अडायला नको. सरळ रस्त्यावर ती सुसाट जायची आणि वळण आलं की मागून घसरून गरकन फिरायची. तो ती हाताच्या सफाईने सांभाळत असेल. माझ्या हाताला सवय पोळपाट-लाटण्याची.

मी काय केलं, तर त्या पानावरचं दिसेल ते सगळं बदललं. पंख वर, ब्रेक मागे, टायर नरम, गिअर उलटेसुलटे. गाडी आता पहिल्या वळणापर्यंतसुद्धा जाईना, आणि कशामुळे जाईना ते कळेना. वर आणखी एक झालं. मुलाची जुनी जुळणी पुसली गेली. ती परत कशी आणायची ते मला माहीत नव्हतं, आणि विचारायचं कोणाला? पहिल्यांदा थोडी भीती वाटली ती तेव्हा.

त्याच आठवड्यात हे मिलमधल्या कोणावर तरी चिडून घरी आले. मशीन नीट चालत नव्हतं म्हणून त्या माणसाने एकाच शिफ्टमध्ये तीन गोष्टी बदलल्या होत्या, आणि आता बिघाड कशात आहे ते कोणालाच सांगता येत नव्हतं. "एका वेळी एकच गोष्ट बदलाव," हे भाकरी मोडत म्हणाले, "चालवून पाहाव, मग दुसरीले हात लावाव. एवढंसं समजत नाही लोकाइले."

मी मान डोलावली. इतक्या मनापासून की हे जरा चमकले. एरवी मिलच्या गोष्टी मी एका कानाने ऐकायची.

दुसऱ्या दुपारी मी सगळं मधोमध आणून ठेवलं आणि फक्त मागचा पंख थोडा उभा केला. पंख उभा झाला की वारा गाडीला मागून खाली दाबतो, चाकं रस्ता धरतात. गाडी वळणात शिरली आणि फिरली नाही. सरळ रस्त्यावर मंदावली, पण वळण पार झालं. त्यापुढचा रस्ता मी जन्मात पाहिला नव्हता. पुढे एक चढ होता, झाडं होती, डावीकडे पाणी होतं. मी खुर्चीत एकटीच हसले.

तिथून मला नाद लागला. नाद लागला असंच म्हणायला हवं, कारण सकाळी पोळ्या लाटताना माझ्या डोक्यात तेच असायचं. पुढचा पंख वाढवला तर नाक वळणात लवकर शिरेल, पण मग मागचं हलकं पडेल का? नुसती गाडी पळवण्यात मला मजा नव्हती. जुळणी बदलायची, एक फेरी मारायची, काय फरक पडला ते पाहायचं, पुन्हा बदलायचं, यात दुपार कशी जायची कळायचं नाही. इतक्या वर्षांत मी जे काही केलं होतं ते कोणीतरी खाऊन टाकलं होतं, नाहीतर मळवून धुवायला टाकलं होतं. इथे मी आज लावलेली गोष्ट उद्या तशीच्या तशी सापडायची.

ब्रेकचं मात्र डोक्यात शिरेना. शेवटी एकदा जेवताना मी यांना सरळ विचारलं, "अहो, ब्रेक मारल्यावर समोरचं चाक आधी अडलं तं काय होते? अन् मागचं अडलं तं?"

यांचा चेहरा उजळला. लग्नानंतर पहिल्यांदा मी असं काही विचारलं होतं. ताटातली वाटी सरकवून, चमचा आडवा धरून त्यांनी मला समजावलं. मागचं चाक आधी अडलं तर गाडीचा मागचा भाग पुढे यायला बघतो, म्हणून जोर समोर थोडा जास्त असावा. पण फार समोर दिला तर गाडी वळणार नाही, नाकासमोर सरळ जाईल. मला सगळं लख्ख कळलं. मग ते म्हणाले, "स्कूटरवर मागं बसून तुले भीती वाटून राहिली का? तसं सांगाव ना."

त्या रविवारी सकाळपासून हे अंगणात स्कूटर खोलून बसले. ब्रेकच्या तारा ओढल्या, तेल दिलं, जवळच्या कुरुद गावापर्यंत एक चक्कर मारून आले आणि मला म्हणाले, "आता बस बिनधास्त." हात काळे, कपाळाला तेल. मी चहाचा कप घेऊन उभी होते आणि मला त्यांच्याकडे पाहवेना. स्कूटर आधीही चांगलीच चालत होती.

दिवाळी आली. आमच्या घरी फटाके नाहीत, फराळ नावापुरता. भिलाई-तीनला माझी नणंद राहायची, ती डबा घेऊन आली आणि दारातूनच परत गेली, कारण आत पोरगा अभ्यास करत होता. जाताना माझा हात धरून म्हणाली, "वहिनी, तू खरंच स्वतःले विसरली गं या पोरासाठी." तेव्हा मी गिअरपर्यंत पोचले होते. सरळ रस्ता संपायच्या आधीच इंजिन ओरडून थकत असेल तर वरचा गिअर लांब करायचा, आणि ते आवाजावरूनच कळतं. त्याआधी मी आवाज बंद ठेवून खेळायची. आता रस्त्याकडची खिडकी लावून आवाज सुरू केला. चोरी म्हटलं की लाज हळूहळूच सुटते, एकदम नाही.

आणि मग डिसेंबरातला तो दिवस. क्लासमध्ये टेस्ट झाली होती. मुलगा आला, दप्तर खाली ठेवलं आणि तसाच भिंतीला टेकून जमिनीवर बसला. मार्क किती ते मी विचारलं नाही. त्याचा चेहरा पाहून कळत होतं. मी समोर पोहे ठेवले. त्याने प्लेटीला हात लावला नाही.

"आई," तो म्हणाला, "अर्धा तास देतं का मले? एकच रेस. डोकं पूरा जाम झालं आहे यार."

त्याच दुपारी माझ्या गाडीचा वरचा गिअर नीट जुळला होता. तो येण्याच्या थोडं आधीच मी कव्हर घातलं होतं, आणि कव्हराखालचा मॉनिटर अजून गरम असणार होता. डोकं जाम झालं की तो अर्धा तास काय करतो, हे त्या घरात माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. यांना मिलमधून सोडवून आणता आलं असतं तर मी यांनाही तो अर्धा तास दिला असता. आणि माझ्या पोराला मी नाही म्हटलं.

नुसतं नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी भाषण दिलं. परीक्षा किती जवळ आली, समोरचा मुलगा कसा पहाटे उठतो, मन घट्ट करायचं हेच वय असतं. नाकाने कांदे सोलणं म्हणतात ते हेच. आणि शेवटी म्हणाले, "मी नाही सोडलं का सगळं? मी काही मजा करून राहिली का? मंग तुले कावून नाही जमत?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग "ठीक आहे" म्हणाला आणि पोहे न खाता आत गेला.

मी का नाही म्हटलं ते मला तेव्हाच माहीत होतं. अभ्यासासाठी म्हटलं असतं तर आज त्याचं काही वाटलं नसतं. सीडी दिली असती तर त्याने पहिल्याच वळणाला ओळखलं असतं की गाडी आपली राहिलेली नाही. मी माझी अब्रू वाचवली. त्यासाठी त्याचा अर्धा तास घेतला, आणि वर त्यालाच ओशाळं केलं.

त्यानंतर मी खेळणं बंद केलं. खरंच केलं. सीडी कपाटाच्या तळाशी, लग्नातल्या शालूच्या आत गुंडाळून ठेवली. संक्रांतीपर्यंत टिकले. मग एक दिवस वाटलं, निदान नरम टायर या थंडीत कसे चालतात ते पाहावं. खेळातल्या रस्त्यावर थंडी नसते हे कळण्याइतकी अक्कल मला होती. तरी बसले.

मे महिन्यात इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षा झाल्या आणि जूनमध्ये निकाल लागले. मोठ्या कॉलेजांच्या यादीत मुलाचं नाव कुठेच नव्हतं. मध्य प्रदेशच्या परीक्षेत नंबर आला, पण इतका मागे की त्यात त्याला हवं असलेलं काही मिळत नव्हतं. ड्रॉप घेऊन पुन्हा बसायचं त्याने स्वतःच ठरवलं. दोन दिवसांनी हे म्हणाले, "एक साल काही मोठी गोष्ट नाही."

शेजारच्या बाया मला भेटायला आल्या. मला, मुलाला नाही. बसल्या, पाणी प्यायल्या. एक जण म्हणाली, "भाभी, आपने तो कोई कसर नहीं छोड़ी. पूरी तपस्या की आपने." दुसरीने माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी रडले, आणि त्यांना वाटलं मी निकालासाठी रडते आहे. माझ्या गाडीचा आणि त्याच्या गणिताच्या पेपरचा काही संबंध नाही, हे बी.एससी. झालेल्या बाईला कळतं. पण आपण शब्द मोडला आणि पोराचं वर्ष गेलं, या दोन गोष्टी एकदा शेजारी उभ्या राहिल्या की मनातून हलत नाहीत. मला वाटायचं, कोणीतरी मला दोन शब्द वाईट बोलावं. कोणी बोललं नाही.

बाया गेल्या त्या संध्याकाळी मुलाने सीडी मागितली. मी शालूतून काढून दिली. शालूत का, असं त्याने विचारलं नाही. मी परातीत कणीक घेऊन स्वयंपाकघराच्या दारात बसले, तिथून पडदा दिसायचा. तो खेळ सुरू करून जुळणीच्या पानावर थांबला. मग एक फेरी मारली. पहिलं वळण आलं, गाडी आत शिरली आणि शहाण्यासारखी बाहेर पडली. त्याने फेरी पूर्ण केली आणि थांबला.

"मागचा पंख वर केला," तो म्हणाला. "अन् ब्रेक समोर घेतला."

"हो," मी म्हटलं. "मी केला."

मग मी सगळं सांगितलं. दमट हवा, तांदूळ, पहिली भिंत, त्याची पुसली गेलेली जुळणी, बाबांची स्कूटर. पडद्याकडे तोंड करूनच तो ऐकत होता. माझं संपलं तेव्हा म्हणाला, "मले माहीत होतं."

"कधीपासून?"

"दिवाळी झाल्यावर. सरांची तबीयत खराब होती, क्लास झाली नाही. मी मागच्या दारानं आलो तं गाडीचा आवाज येऊन राहिला होता. मले वाटलं बाबा आहेत. मंग तू हसली."

"मंग आत कावून नाही आला?"

"नाल्याच्या पुलियावर जाऊन बसलो. क्लास सुटते त्या टायमाले आलो. खूप दिवसानं हसून राहिली होती तू. मी आलो असतो तं तू बंद केलं असतं."

मी महिने जुळवायला लागले. दिवाळीनंतर त्याला माहीत होतं. अर्धा तास मागितला तो डिसेंबरात. माझे हात कणकेत तसेच राहिले.

"मंग तवा तू अर्धा तास कावून मागितला?"

"वाटलं, तू सांगशील," तो म्हणाला. "दोघं मिळून खेळलो असतो."

आवाजात राग नव्हता. त्याने पुन्हा एक फेरी सुरू केली. माझी जुळणी त्याने बदलली नाही, तशीच ठेवून चालवत होता, आणि माझ्यापेक्षा कितीतरी चांगली चालवत होता. मी परातीवर मान घालून कणीक मळत राहिले, ती केव्हाच मळून झाली होती.

थोड्या वेळाने तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "आई, या साली तू काही सोडू नको."

चिडून म्हणाला असता तर मी उलटून बोलले असते, ते मला येतं. त्याने ते माझी समजूत घालावी तसं म्हटलं. जुलैत समोरच्या बाईंनी विचारलं, या वर्षी काय सोडलं, तर मी काहीच नाही म्हटलं. त्यांना ते आवडलं नाही. पण मुलासमोर पुन्हा काही सोडते म्हणायला मला तोंडच उरलं नव्हतं.